निसटलेली कुऱ्हाड आणि सहा शरणपुरे

कायद्याचे शिक्षण घेतलेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाला एक कुऱ्हाड ठाऊक असते. ती भारतीय दंड संहितेच्या कलम ८० मध्ये होती. एक माणूस कुऱ्हाड चालवतो आहे. अचानक पाते दांड्यातून निसटते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला लागून तो मरतो. कुऱ्हाड चालवणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली असेल, तर त्याच्या हातून गुन्हा घडलेला नाही, असे हे कलम सांगते. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली या संहितेचा मसुदा केला, १८६० साली कायदा मंजूर झाला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा बदलून १८ झाला, पण कुऱ्हाड तशीच राहिली.

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हे कलम मी अनेकदा वाचून दाखवले. एकदा बाररूममध्ये बोलता बोलता आमचे एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, ‘‘वकीलबाई, ही कुऱ्हाड इंग्रजांची नव्हे बरं का. ती आमच्या मोशेची.’’ ते अलिबागकडचे बेने इस्रायली. शनिवारी कोर्टाचे काम ठेवायचे नाही, हा त्यांचा नेम सगळ्यांना माहीत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठी बायबल आणून ‘अनुवाद’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय माझ्यापुढे उघडून धरला. खरेच, तिथे ती कुऱ्हाड होती. दोन शेजारी लाकडे तोडायला रानात जातात, लोखंड दांड्यातून निसटते आणि एक जण मरतो. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने हेच उदाहरण आपल्या ग्रंथात घेतले होते. तिथून आपल्या दंड संहितेपर्यंतचा रस्ता काही फार लांबचा नाही.

पण दोन्हीकडची कुऱ्हाड एकच असली, तरी पुढची गोष्ट वेगळी आहे. आपला कायदा म्हणतो की हा गुन्हा नाही, आणि तिथे थांबतो. मोशेच्या नावाने चालत आलेला कायदा म्हणतो की हा खून नाही, म्हणून या माणसाने आता पळावे. या दोन वाक्यांमधल्या फरकाविषयी मला आज बोलायचे आहे. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. एका खटल्यामुळे मी या विषयाकडे वळले. तो खटला शेवटी सांगते.

पळायचे कुठे आणि कोणापासून? त्यासाठी तो काळ समजून घ्यावा लागेल. प्राचीन इस्राएलात पोलीस नव्हते, सरकारी वकील नव्हते. माणूस मारला गेला तर दाद मागण्याचे काम त्याच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचे. त्याला हिब्रूत ‘गोएल’ म्हणत. हा शब्द पाहण्यासारखा आहे. गरिबीमुळे भाऊबंदाची जमीन विकली गेली, तर ती सोडवून आणणारा तो गोएल. कर्जापायी गुलाम झालेल्या नातलगाला सोडवणाराही तोच. आणि घरातल्या माणसाचे रक्त सांडले, तर त्या रक्ताचा हिशेब चुकता करणाराही गोएलच. म्हणजे सूड हा रागाचा उद्रेक एवढाच नव्हता, ते घरचे कर्तव्य होते. ते न करणारा नातेवाईक लोकांच्या नजरेतून उतरत असणार.

आता या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. भाऊ सकाळी लाकडे आणायला गेला आणि दुपारी त्याचे प्रेत घरी आले. कोणी सांगितले की पाते आपोआप निसटले. तुम्ही विश्वास ठेवाल? ‘अनुवाद’मधील कायदा या माणसाला दुष्ट म्हणत नाही. त्याचे अंतःकरण तापलेले असेल, तो पाठलाग करील आणि वाट लांब असली तर गाठून ठारही करील, हे तो गृहीत धरतो. म्हणून कायदा वाट जवळची करतो. देशाचे भाग पाडा, रस्ते नीट करा आणि पळणाऱ्याला वेळेत पोहोचता येईल अशी नगरे नेमा, असा आदेश आहे.

अशी सहा नगरे ‘यहोशवा’च्या पुस्तकात नावांनिशी दिली आहेत. यार्देन नदीच्या पश्चिमेला उत्तरेत केदेश, मध्यभागी शखेम, दक्षिणेत हेब्रोन. नदीच्या पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. यातली काही नावे आपल्या कानांवरची आहेत. हेब्रोन वेस्ट बँकमध्ये आहे, प्राचीन शखेमचे अवशेष तिथल्याच नाब्लुस शहराजवळ आहेत, आणि गोलानचे नाव आजच्या गोलान टेकड्यांना आहे. जिथली रक्तपाताची बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो, त्या गावांची ही जुनी ओळख.

मराठीत या नगरांना शरणपुरे म्हणतात. नाशिकचा शरणपूर रस्ता अनेकांच्या पायाखालचा असेल. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे वसाहत केली आणि गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला. शब्दाचा अर्थ तोच, फक्त शरण येणारे वेगळे.

शरणपुरात पोहोचले म्हणजे सुटले, असे मात्र नव्हते. पळून आलेल्याने वेशीच्या दरवाजात उभे राहायचे आणि गावच्या वडीलधाऱ्यांना घडलेली हकिगत सांगायची. ते त्याला आत घेत, राहायला जागा देत. मग पंचायतीसमोर चौकशी होई. तिची कसोटी ‘गणना’ या पुस्तकात आली आहे. हत्यार कोणते होते? लोखंडाचे, की मारण्याजोगा दगड? दोघांत आधीपासून वैर होते का? दबा धरला होता का? की नकळत धक्का लागला, न पाहता दगड टाकला गेला? हत्यारावरून हेतू ओळखायचा आणि पूर्वीच्या वैरावरून मन जोखायचे. आजचे सत्र न्यायालयही खुनाच्या खटल्यात याच दिशेने प्रश्न विचारते. एका साक्षीवर कोणाला देहदंड द्यायचा नाही, हेही तिथेच सांगितले आहे. परक्या मुलखातून येऊन राहिलेल्यालाही या नगरांचे दार उघडे होते.

चौकशीत वैर सिद्ध झाले, तर शरणपूर त्याला वाचवत नसे. त्याच्याच गावचे वडीलधारे माणसे पाठवून त्याला परत आणत आणि गोएलच्या हवाली करत. ‘निर्गम’मधील जुना नियम याहून कडक आहे. कपटाने मारणारा माझ्या वेदीला बिलगला असेल, तर तिथूनही त्याला ओढून न्या, असे तो सांगतो. दावीद राजाचा सेनापती यवाब याची कथा हेच दाखवते. अबनेरने लढाईत यवाबच्या भावाला मारले होते. पुढे समेटाची बोलणी झाली, तरी यवाबने अबनेरला बोलायचे आहे म्हणून बाजूला घेतले आणि ठार केले. ही हत्या घडली हेब्रोनच्या वेशीत. शरणपुरांच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याच गावाच्या दरवाजात! दावीदनंतर शलमोन गादीवर आला, तेव्हा यवाबने धावत जाऊन वेदीची शिंगे धरली. शलमोनाने त्याला तिथेच मारवले. यात राजकारणही होते, कारण यवाबने शलमोनाच्या प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतली होती. पण कारण सांगितले गेले ते निरपराध रक्ताचे.

चौकशीत अपघात ठरला, तर काय? इथे हा कायदा आपल्याला बुचकळ्यात टाकतो. निर्दोष ठरलेल्या माणसाला तो घरी पाठवत नाही, पुन्हा शरणपुरातच पाठवतो. तिथे त्याने राहायचे, शीव ओलांडायची नाही. ओलांडली आणि गोएलने त्याला गाठून मारले, तर गोएलवर रक्ताचा दोष नाही. पैसे भरून लवकर सुटका नाही. खुन्याच्या जिवासाठी खंडणी घेऊ नका, आणि शरणपुरात गेलेल्यालाही खंडणी घेऊन परत येऊ देऊ नका, अशी दोन्ही कलमे शेजारी शेजारी आहेत. श्रीमंताच्या हातून मेलेला आणि गरिबाच्या हातून मेलेला, दोघांच्या जिवाची किंमत पैशात होत नाही.

शेजारच्या बाबिलोनशी हे ताडून पाहावे. हम्मुराबी राजाचे कायदे कोरलेली काळ्या दगडाची शिळा १९०१-०२ मध्ये इराणमधील सूसा येथे सापडली. ती आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. साधारण ख्रिस्तपूर्व १७५० च्या सुमाराचे हे कायदे. मारामारीत माणूस मेला आणि मारणाऱ्याने ‘जाणूनबुजून मारले नाही’ अशी शपथ घेतली, तर त्याने चांदी भरायची. मेलेला वरच्या थरातला असेल तर अर्धा माना, खालच्या थरातला असेल तर एक तृतीयांश. घर कोसळून मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्या गवंड्याच्या मुलाला मारायचे, असेही एक कलम आहे. इस्राएली कायद्यात बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि घर बांधताना गच्चीला कठडा घाला, नाहीतर कोणी पडले तर ते रक्त तुमच्या घरावर येईल, असा आधीच बजावणारा एक साधा नियमही आहे.

म्हणून इस्राएलचे सगळेच चांगले होते, असे मानण्याचे कारण नाही. त्याच ‘निर्गम’मध्ये मालकाच्या मारहाणीनंतर गुलाम एक-दोन दिवस जगून मेला, तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम हा त्याचा पैसा आहे, असे कलम आहे. जिवाची किंमत पैशात नको म्हणणाऱ्यांनाही ते सगळीकडे पाळता आले नाही. शिवाय हे कायदे एका दिवसात, एका हाताने लिहिलेले नाहीत. ‘अनुवाद’चा गाभा ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गावोगावच्या वेद्या बंद झाल्यावर तिथला आसरा गेला आणि त्याची भरपाई म्हणून ही नगरे आली, असेही अनेकांचे मत आहे. एखादा माणूस धावत जाऊन यापैकी एका नगरात राहिला, अशी एकही कथा बायबलमध्ये नाही. व्यवहार किती झाला, हा प्रश्न म्हणून मोकळा राहतो. समाजाला काय हवेसे वाटत होते, ते मात्र या कलमांतून कळते.

मग या माणसाने शरणपुरात राहायचे किती दिवस? त्याचे उत्तर फार चमत्कारिक आहे. त्या वेळचा मुख्य याजक मरेपर्यंत. तो उद्या मेला तर उद्या सुटका. चाळीस वर्षे जगला तर चाळीस वर्षे. मुख्य याजक गेला की हा माणूस आपल्या गावी, आपल्या जमिनीवर परत जाऊ शकतो, आणि गोएलला मग त्याच्यावर हात टाकता येत नाही.

याजकाच्या मरणाचा आणि या माणसाच्या सुटकेचा संबंध काय? काही म्हणतात, सांडलेल्या रक्ताने भूमी विटाळते आणि मुख्य याजकाचे मरण सर्वांच्या वतीने त्याचे प्रायश्चित्त होते. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवले. साऱ्या देशावर मोठे दुःख कोसळले की घरातल्या दुःखाची धग कमी होते आणि सूड घेणाऱ्याचे मन निवते. आपल्याकडेही पाहा ना. मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या दिवशी वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ एका ओसरीवर बसतात.

यावर पुढे यहुदी पंडितांनी शतकानुशतके काथ्याकूट केला. तो इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथात आणि त्यानंतरच्या ‘तल्मूद’मध्ये आहे. तोवर येरुशलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झाले होते. मुख्य याजक नव्हता, शरणपुरेही नव्हती. तरीही पंडित एकेका तपशिलावर वाद घालत होते. शिडीवरून उतरताना पडून कोणाला मारले तर शरणपूर, चढताना पडला तर नाही, असे बारकावे त्यांत आहेत. पण मधूनच अशा गोष्टी येतात की वाचणारा थबकतो.

साध्या सार्वजनिक रस्त्याची रुंदी सोळा हात, तर शरणपुराच्या रस्त्याची बत्तीस हात. चौकाचौकांत ‘मिक्लात’, म्हणजे ‘शरणस्थान’, अशी पाटी हवी, म्हणजे धावणाऱ्याला वाट विचारत थांबावे लागणार नाही. ही नगरे पाण्याची आणि बाजारहाटाची सोय असलेली हवीत. तिथे शस्त्रांचा व्यापार नको, असेही एक मत आहे, म्हणजे सूड घेणाऱ्याला वारंवार येण्याचे निमित्त मिळणार नाही. चौकशीसाठी ने-आण करताना सोबत दोन विद्वान द्यावेत. वाटेत गोएल भेटलाच, तर त्यांनी त्याच्याशी बोलावे. शिष्य शरणपुरात गेला तर त्याच्या गुरूनेही सोबत जावे, कारण शिकल्यावाचूनचे जगणे हे जगणे नव्हे. आणि एकदा आत गेलेल्याने साक्ष द्यायलाही बाहेर पडायचे नाही. साऱ्या राष्ट्राला गरज असलेला यवाबसारखा सेनापती असला, तरी नाही.

मला सर्वांत हलवून गेली ती याजकाच्या आईची गोष्ट. मिश्ना सांगते की मुख्य याजकाची आई शरणपुरातल्या या लोकांना अन्न आणि कपडे पुरवत असे. का? तर आपला मुलगा लवकर मरावा अशी प्रार्थना त्यांनी करू नये म्हणून. गंमत वाटते, पण हसू पुरते उमटत नाही. तल्मूदमध्ये कोणी विचारतो, याजकाने काय वाईट केले की त्याला या प्रार्थनेची भीती वाटावी? उत्तर मिळते, त्याने आपल्या पिढीसाठी दयेची प्रार्थना करायला हवी होती, ती केली नाही. म्हणजे लाकूडतोड्याचे पाते निसटले, तर त्याचा थोडा भार देशातल्या सर्वांत वरच्या माणसावरही येतो.

आणखी एक नियम आहे. शरणपुरातील लोकांनी अशा माणसाचा मान करायचे ठरवले, तर त्याने आधी सांगायचे की माझ्या हातून माणूस मेला आहे. तरीही ते म्हणाले की आमची हरकत नाही, तर त्याने तो मान घ्यावा. या छोट्या नियमात मला सगळे दिसते. त्याने झाकायचे नाही, आणि लोकांनी ते ऐकूनही त्याला दूर लोटायचे नाही.

आता माझ्या खटल्याकडे येते. काळ १९८० च्या दशकातला. बाजारात टेम्पो मागे घेताना चार वर्षांची मुलगी चाकाखाली आली. मागे उभा असलेला क्लीनर ‘येऊ द्या’ म्हणत होता, मुलगी पोत्यांच्या थप्पीआडून अचानक आली. चालकावर हयगयीने मृत्यू घडवल्याचा खटला झाला. मी त्याची वकील होते. कोर्टाने पुरावा पाहिला, हयगय नव्हती असे म्हटले आणि त्याला निर्दोष सोडले. निकाल योग्य होता, आजही माझे तेच मत आहे.

निकालानंतर तो व्हरांड्यात माझ्याकडे आला. मला वाटले, आभार मानील. तो म्हणाला, ‘‘वकीलबाई, सुटलो ते ठीक. पण आता मी काय करू?’’ मी म्हटले, ‘‘घरी जा. मुलाबाळांत जा.’’ याहून वेगळे काही मला सुचले नाही. मुलीचा बाप थोड्या अंतरावर खांबाला टेकून उभा होता. प्रत्येक तारखेला तो येत असे. खटला सरकार विरुद्ध चालक असा होता. बाप त्यात एक साक्षीदार, त्याची साक्ष दहा मिनिटांत संपली होती. निकाल लागल्यावर त्याच्याशी कोणीच बोलले नाही. मीही नाही.

त्यानंतर काही महिने तो चालक महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारात दिसायचा. लिंबाखालच्या बाकावर बसून राहायचा. मला वाटले, दुसरी काही केस असेल. कारकुनाने सांगितले, ‘‘त्याची काही केस नाही, बाई. नुसता येऊन बसतो.’’ त्याने गाडी चालवणे सोडून दिले होते. पुढे तो दिसेनासा झाला.

‘गणना’मधले ते चौकशीचे वर्णन मी नंतर नीट वाचले. तिथे पंचायतीने निवाडा करायचा तो मारणारा आणि गोएल या दोघांमध्ये. दोघांनाही तिथे जागा होती. एकाच्या दुःखाला शिवेपर्यंत येण्याचा हक्क, आणि दुसऱ्याला शिवेच्या आत राहण्याचा. त्या काळी परत जावे असे मला वाटत नाही. सूड घेणाऱ्याच्या हाती शस्त्र देणारा कायदा आज कोणी मागू नये. निर्दोष माणसाला कोंडून ठेवणेही मला पटत नाही. पण आपल्या कलमातले वाक्य जिथे संपते, तिथे दोन माणसे उभी असतात, एक बाकावर आणि एक खांबापाशी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना ती दोघे दिसली होती. मी त्याच आवारात होते, आणि मला फक्त निकाल दिसला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)